पाण्यात भिंग बुडवलं की त्याचं नाभीय अंतर का बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाभीय अंतर म्हणजे भिंगापासून, समांतर आलेले किरण जिथे एकत्र मिळतात, तिथपर्यंतचं अंतर. अपवर्तनांक म्हणजे प्रकाशाचा निर्वातातला वेग भागिले त्या माध्यमातला वेग. खालचे आकडे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी (५८९ नॅनोमीटर) आणि साधारण २० अंश सेल्सियस तापमानाचे आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे भिंग पातळ धरलं आहे. जाड भिंगासाठी आकडे थोडे सरकतात, कारणं तीच राहतात.

भिंगाच्या खोक्यावर "नाभीय अंतर १० सेंमी" लिहिलंय. पाण्यातही तेच धरायचं का?

नाही. तो आकडा हवेतला आहे. भिंग साध्या क्राउन काचेचं (अपवर्तनांक १.५२) असेल, तर पाण्यात तेच अंतर सुमारे ३७ सेंमी होतं.

भिंगाच्या पोटात प्रकाश सरळच जातो. तो वळतो दोन पृष्ठभागांवर, आणि किती वळतो हे पृष्ठभागाच्या अलीकडच्या-पलीकडच्या अपवर्तनांकांच्या गुणोत्तरावर ठरतं. हवेतून काचेत जाताना हे गुणोत्तर १.५२ असतं. पाण्यातून काचेत जाताना ते १.५२ ÷ १.३३३, म्हणजे फक्त १.१४ उरतं. गुणोत्तर १ झालं तर प्रकाश वळतच नाही, म्हणून हिशेबात कामाचा भाग १ च्या वरचा. तो ०.५२ वरून ०.१४ वर येतो. नाभीय अंतर जवळपास पावणेचारपट होतं ते यामुळेच.

हिशेब नेमका कसा करायचा?

हवेतलं नाभीय अंतर माहीत असेल तर वक्रता त्रिज्या शोधत बसायची गरज नाही. भिंगाच्या अपवर्तनांकातून १ वजा करा. आलेल्या संख्येला माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणा. मग भिंगाच्या अपवर्तनांकातून माध्यमाचा अपवर्तनांक वजा करून त्या फरकाने भागा. उत्तर म्हणजे नाभीय अंतर किती पट झालं तो आकडा.

१.५२ च्या काचेचं, हवेत १० सेंमीचं बहिर्वक्र भिंग घेतलं तर:

- पाणी (१.३३३): ३७ सेंमी
- इथेनॉल (१.३६१): ४४.५ सेंमी
- ग्लिसरीन (१.४७३): १६३ सेंमी
- कार्बन डायसल्फाइड (१.६२८): उणे ७८ सेंमी

शेवटचं उणे चिन्ह छपाईची चूक नाही. त्याबद्दल पुढे येईलच. कार्बन डायसल्फाइड विषारी आहे आणि अतिशय सहज पेटतं, तेव्हा ते कागदावरच राहू द्या.

भिंग कशाचं आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. अ‍ॅक्रिलिकचं (१.४९) नाभीय अंतर पाण्यात ४.१६ पट होतं, पॉलिकार्बोनेटचं (१.५८६) ३.०९ पट. अपवर्तनांक जितका जास्त, तितका पाण्याचा फटका कमी. हिऱ्याचं (२.४१७) भिंग केलं तर ते पाण्यात १.७४ पटीवरच थांबेल.

पाण्यात भिंगाची शक्ती किती डायॉप्टर म्हणायची? दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळतात.

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण व्याख्या दोन आहेत. डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचं एकक. वरच्याच भिंगाची हवेतली शक्ती १० डायॉप्टर. पाण्यात त्याच्या दोन पृष्ठभागांच्या शक्तींची बेरीज ३.६ डायॉप्टर येते. पण ३७ सेंमी मीटरमध्ये घेऊन सरळ व्यस्त केला तर २.७ येतं. प्रकाशिकीत शक्ती म्हणजे माध्यमाचा अपवर्तनांक भागिले नाभीय अंतर: १.३३३ ÷ ०.३७ = ३.६. हवेत वरचा आकडा १ असतो, त्यामुळे ही भागणी कधी जाणवत नाही. शालेय पुस्तकातली "मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त" ही व्याख्या हवेपुरती ठीक आहे. पाण्यातल्या गणितात ती वापरायची असेल तर तसं लिहून ठेवा आणि मध्येच व्याख्या बदलू नका.

जड द्रव प्रकाशाला जास्त वळवतो ना?

वजनाचा आणि अपवर्तनांकाचा असा सरळ संबंध नाही. रॉकेल पाण्यावर तरंगतं, तरी त्याचा अपवर्तनांक (सुमारे १.४४) पाण्यापेक्षा जास्त आहे. "प्रकाशीय घनता" या शब्दामुळे हा घोटाळा होतो. त्याऐवजी त्या माध्यमात प्रकाशाचा वेग किती, एवढंच बघा. पाण्यात तो सेकंदाला सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर असतो, निर्वातातल्या वेगाच्या तीनचतुर्थांश.

बहिर्वक्र भिंग किरण पसरवू शकतं का?

हो. भोवतालचं माध्यम भिंगापेक्षा जास्त अपवर्तनांकाचं असलं की बहिर्वक्र भिंग अपसारी होतं आणि अंतर्वक्र अभिसारी. यादीतलं उणे ७८ हेच सांगत होतं. "बहिर्वक्र" हे आकाराचं नाव आहे आणि "अभिसारी" हे कामाचं. दोन्ही एकच वाटतात, कारण आपण भिंगं बहुतेक वेळा हवेत वापरतो.

विषारी द्रवाशिवाय हे बघायचं असेल तर हवेचं भिंग करा. प्रयोगशाळेतल्या दोन सारख्या वॉच ग्लास (उथळ बशीसारख्या काचा) कडेला कड लावून सिलिकॉन सीलंटने चिकटवा, फुगीर बाजू बाहेर. सीलंट २४ तास वाळू द्या आणि मगच पाण्यात बुडवा. आतल्या हवेमुळे ते वर येतं, म्हणून कडेला वजन बांधावं लागतं. प्रत्येक काचेची वक्रता त्रिज्या १० सेंमी असेल, तर पाण्यात या भिंगाचं नाभीय अंतर उणे २० सेंमी येतं. हवेत तेच जवळजवळ सपाट काचेसारखं वागतं. बिघडतं ते बहुधा कडेला: सीलंटमध्ये बारीक फट राहिली की आत पाणी शिरतं, आणि अर्धी हवा, अर्धं पाणी अशा भिंगातून काहीच धड दिसत नाही.

दोन्ही अपवर्तनांक सारखे झाले तर?

भिंग प्रकाशापुरतं नाहीसं होतं. वळण नाही, आणि पृष्ठभागावरून परावर्तनही नाही. हवेत काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४.३ टक्के प्रकाश परत फिरतो. पाण्यात तो ०.४३ टक्क्यांवर येतो, म्हणून काचेचं भिंग नुसत्या पाण्यातही शोधावं लागतं. बोरोसिलिकेट काच (१.४७४) ग्लिसरीनमध्ये (१.४७३) बुडवली तर जवळपास दिसेनाशी होते.

हा प्रयोग फसण्याची कारणं ठरलेली आहेत. एक तर काच चुकीची असते: साधी खिडकीची किंवा बाटलीची काच १.५२ च्या आसपास असते, ती ग्लिसरीनमध्ये दिसत राहणार. दुसरं म्हणजे ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात १० टक्के पाणी आलं की अपवर्तनांक सुमारे १.४६ होतो आणि काचेच्या कडा पुन्हा उमटतात, म्हणून बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका. आणि काच झटक्यात बुडवली की बुडबुडे चिकटतात. तिरकी धरून सावकाश उतरवावी.

भिंगाची एक बाजू पाण्याला आणि दुसरी हवेला लागली असेल तर?

हा प्रश्न नेहमी चुकतो, कारण वरचं एका दमात करायचं सूत्र इथे चालत नाही. प्रत्येक पृष्ठभागाची शक्ती वेगळी काढून बेरीज करावी लागते. तेच १० सेंमीचं भिंग दोन्हीकडे सारख्या वक्रतेचं धरलं तर प्रत्येक बाजूची त्रिज्या १०.४ सेंमी. पाण्याकडच्या पृष्ठभागाची शक्ती १.८ डायॉप्टर, हवेकडच्याची ५. बेरीज ६.८.

आता दिशा बघा. समांतर किरण पाण्याकडून आले तर ते हवेत १४.७ सेंमीवर एकत्र येतात. हवेकडून आले तर पाण्यात १९.६ सेंमीवर. म्हणजे एकाच भिंगाची दोन नाभीय अंतरं वेगळी, आणि त्यांचं गुणोत्तर बरोबर १.३३३. "भिंग उलटं केलं तरी नाभीय अंतर तेच" हा नियम दोन्ही बाजूंना एकच माध्यम असेल तेव्हाचाच.

घरी किंवा शाळेत मोजून बघायचं आहे. कसं करावं?

हवेत ५ सेंमी नाभीय अंतराचं भिंग निवडा. पाण्यात ते १८.५ सेंमी होईल, आणि ३० सेंमी लांबीच्या काचेच्या टाकीत मावेल. १० सेंमीचं भिंग घेतलं तर किरण टाकीबाहेर जाऊन मिळतात आणि मोजायला काही उरत नाही. बहुतेक प्रयोग इथेच अडतात.

१. १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचे दोन लेझर पॉइंटर एका पट्टीवर १ सेंमी अंतराने घट्ट बसवा. २ मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्यांमधलं अंतर १ सेंमीच राहिलं पाहिजे. नसेल तर पॉइंटरखाली कागदाच्या घड्या घालून जुळवा.

२. रिकाम्या टाकीत भिंग उभं करा आणि हवेतलं नाभीय अंतर मोजा. किरण दिसण्यासाठी उदबत्तीचा धूर पुरतो.

३. टाकीत पाणी भरा, बुडबुडे निघून जाईपर्यंत अर्धा तास थांबा. भिंगावरचे बुडबुडे मऊ ब्रशने काढा.

४. १० लिटर पाण्याला दुधाचे ३-४ थेंब घालून ढवळा. जास्त घातलं तर किरण फिकट, रुंद पट्ट्यासारखा होतो आणि छेदबिंदू हरवतो.

५. किरण टाकीच्या भिंतीला काटकोनात आणि भिंगाच्या मध्याच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर पाडा. भिंगाच्या मध्यापासून छेदबिंदूपर्यंतचं अंतर मोजा.

मोजपट्टी पाण्याच्या आत, किरणांच्या शक्य तितकी जवळ ठेवा. बाहेरून काचेला टेकवलेली पट्टी आणि आतला किरण वेगवेगळ्या खोलीवर असतात, त्यामुळे डोकं जरा हललं की आकडा बदलतो. टाकीच्या भिंतीची मात्र काळजी नको: सपाट काचेतून समांतर किरण समांतरच बाहेर पडतात. थोडे तिरके पडले तरी समांतर राहतात, पण मग ते भिंगावर तिरके आदळतात आणि छेदबिंदू पसरतो. लेझर लाल (६५० नॅनोमीटर) असेल तर काचेचा आणि पाण्याचा अपवर्तनांक दोन्ही किंचित कमी असतात. या मोजणीत तो फरक जाणवत नाही.

टाकीच्या काचेवरून परावर्तित झालेला किरणही डोळ्यात जाऊ देऊ नका. दोन काचा चिकटवून केलेलं भिंग तासन्‌तास बुडवून ठेवू नये, कडेने पाणी शिरून सांधा पांढरा पडू शकतो. अ‍ॅक्रिलिकचं भिंग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये घालू नका. पृष्ठभागावर बारीक तडे जातात.

या दोन मोजमापांवरून भिंग कशाचं आहे ते कळेल?

कळेल, आणि आमच्या मते या प्रयोगाचा खरा उपयोग तोच आहे. पाण्यातलं अंतर भागिले हवेतलं अंतर, हे गुणोत्तर काढा. त्यातून १ वजा करून १.३३३ ने गुणा. मग मूळ गुणोत्तरातून १.३३३ वजा करून त्याने भागा. गुणोत्तर ३.७१ आलं तर अपवर्तनांक १.५२, ४.१६ आलं तर १.४९, म्हणजे बहुधा अ‍ॅक्रिलिक.

ही पद्धत चुका पोटात घालते. गुणोत्तर ३.७१ ऐवजी ३.६ मोजलं गेलं, तरी उत्तर १.५२९ येतं. मोजणीत ३ टक्के चूक झाली, उत्तरात १ टक्क्याहूनही कमी.

पाण्याखाली डोळे उघडले की सगळं पुसट का दिसतं?

डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर, आणि त्यातले ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे (डोळ्याच्या सर्वात पुढच्या पारदर्शक पडद्याचे). पारपटलाचा अपवर्तनांक १.३७६, बाहेरच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.८ मिलिमीटर. हवेत या पृष्ठभागाची शक्ती ४८ डायॉप्टर येते. पाण्यात ती ५.५ वर घसरते, आणि पारपटलाच्या आतल्या पृष्ठभागाची सुमारे उणे ६ ही शक्ती तीही खाऊन टाकते. पारपटल असून नसल्यासारखं. आतलं भिंग कितीही फुगलं तरी ४३ डायॉप्टर भरून काढू शकत नाही, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या बऱ्याच मागे पडते.

गॉगल किंवा मुखवटा घातला की पारपटलासमोर पुन्हा हवा येते आणि दृष्टी परत मिळते. सपाट काचेमुळे मात्र २ मीटरवरचा मासा दीड मीटरवर असल्यासारखा वाटतो आणि सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो.

पोहण्याच्या गॉगलमध्ये नंबर घालता येतो का? कॉन्टॅक्ट लेन्स चालेल?

नंबर घालता येतो, पण बाहेरची, पाण्याला लागणारी बाजू सपाट हवी आणि सगळी वक्रता आतल्या, हवेच्या बाजूला. मग पाण्याचा नंबरावर परिणाम होत नाही. बाहेरची बाजू फुगीर असेल तर पाण्यात नंबर बदलेल. उघड्या डोळ्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरलात तर तिचा अपवर्तनांक पाण्याच्या इतका जवळ असतो की उपयोग जवळपास शून्य. शिवाय पाण्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग डोळ्याला गंभीर इजा करू शकतो.

मग मासे कसे बघतात?

त्यांच्याकडे पारपटलाचं काम करायला कोणी नाही, म्हणून सगळा भार भिंगावर. ते गोलाकार असतं आणि त्याचा अपवर्तनांक मध्यभागी सर्वात जास्त, कडेकडे कमी होत जातो. एकसारख्या काचेच्या गोळीत कडेचे किरण आधी मिळतात आणि प्रतिमा भुरकट होते. अपवर्तनांकाच्या या उतरणीमुळे माशात तसं होत नाही. नाभीय अंतर भिंगाच्या त्रिज्येच्या साधारण अडीच पट असतं. जवळचं-लांबचं बघायला बहुतेक मासे भिंगाचा आकार न बदलता ते पुढे-मागे सरकवतात.

कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला सपाट काच बरी की घुमट?

सपाट काच दृश्यकोन खाते. हवेत ९० अंश बघणारं भिंग पाण्यात ६४ अंशच बघतं. कितीही रुंद भिंग लावलं तरी सपाट काचेतून ९७ अंशांपलीकडे काही दिसूच शकत नाही, कारण पाणी-हवा सीमेचा क्रांतिक कोन (याहून तिरका किरण पाण्यातून हवेत बाहेर पडतच नाही) ४८.६ अंश आहे. कडेला रंगांच्या रेघाही येतात.

घुमटात दृश्यकोन टिकतो, पण घुमट स्वतः अपसारी भिंगासारखा वागतो. अनंत अंतरावरची वस्तू घुमटाच्या पुढे त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर आभासी प्रतिमा म्हणून उभी राहते. १० सेंमी त्रिज्येचा घुमट असेल तर क्षितिजसुद्धा ३० सेंमीवर. तुमचं भिंग इतक्या जवळ फोकस करू शकत नसेल तर एकही फोटो धारदार येणार नाही, आणि दोष मात्र गढूळ पाण्याला दिला जाईल. घुमटाचं केंद्र भिंगाच्या प्रवेश बाहुलीवर (समोरून बघताना भिंगात दिसणाऱ्या छिद्राच्या प्रतिमेवर) यावं, त्यासाठी मधली रिंग योग्य लांबीची लागते. जवळच्या बारीक वस्तूंसाठी मात्र सपाट काचच चांगली. तिथे मोठं दिसणं फायद्याचं ठरतं.

सूक्ष्मदर्शकात तेलाचा थेंब का टाकतात?

काचेच्या पट्टीतून हवेत येताना ४१ अंशांपेक्षा तिरके किरण आतच परत फिरतात, आणि बारीक तपशील नेमके त्याच किरणांत असतात. १.५१५ अपवर्तनांकाचं तेल ती हवा हटवतं; काच, तेल, काच असा रस्ता प्रकाशाला अखंड वाटतो. हवेतल्या वस्तुभिंगाचं (नमुन्याजवळच्या भिंगाचं) संख्यात्मक छिद्र, म्हणजे ते किती तिरके किरण गोळा करतं याचं माप, ०.९५ च्या आसपास अडकतं, तेलातलं १.४ पर्यंत जातं. हिरव्या प्रकाशात (५५० नॅनोमीटर) वेगळे ओळखू येणारे दोन बिंदू त्यामुळे २९० वरून १९६ नॅनोमीटरपर्यंत जवळ येऊ शकतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट अबे यांनी १८७८ मध्ये असं समअपवर्तनांकी तेलाचं वस्तुभिंग आणलं.

थेंब एकच पुरतो. त्यात बुडबुडा अडकला तर प्रतिमा धुरकट दिसते; वस्तुभिंग बाजूला फिरवून तेल पुसा आणि पुन्हा टाका. आच्छादन काच (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) ०.१७ मिलिमीटरची हवी. तेल टाकल्यावर ४० पटीच्या कोरड्या वस्तुभिंगाकडे परत फिरवू नका. ते तेलात बुडतं, आणि पुढचे कित्येक दिवस "हे वस्तुभिंग बिघडलंय" अशी तक्रार येत राहते.

मोतीबिंदूनंतर बसवलेल्या भिंगावरचा नंबर हवेतला असतो का?

नाही, डोळ्यातल्या द्रवातला (१.३३६) असतो. १.५५ अपवर्तनांकाच्या अ‍ॅक्रिलिकच्या, अधिक २० डायॉप्टर लिहिलेल्या भिंगाची शक्ती हवेत मोजली तर सुमारे ५१ डायॉप्टर भरेल.

माध्यम बदललं की रंगांचं काय होतं?

काचेचा अपवर्तनांक निळ्यासाठी जास्त, लालसाठी कमी असतो, पण पाण्याचाही तसाच असतो. त्यामुळे दोघांचा फरक काही अंशी वजा होतो. साध्या क्राउन भिंगात हवेत निळ्या आणि लाल नाभीत दीड टक्क्याचा फरक पडतो, पाण्यात पाऊण टक्क्याच्याही आत. मात्र हवेसाठी रंगदोष काढून जुळवलेलं जोडभिंग पाण्यात ते संतुलन गमावतं.

गंमत येते ती द्रव आणि काच जवळजवळ जुळतात तेव्हा. द्रवात रंगांनुसार होणारा बदल सहसा काचेपेक्षा जास्त असतो. म्हणून मधल्या एका रंगासाठी जुळणी अचूक असेल, तर तेच भिंग लाल किरण गोळा करतं आणि निळे पसरवतं. काचेची पूड अशा द्रवात ढवळली तर फक्त जुळलेला रंग सरळ पार होतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान क्रिस्टियान्सेन यांनी १८८४ मध्ये हे दाखवलं. द्रव तापवला की त्याचा अपवर्तनांक घटतो आणि पार होणारा रंग निळ्याकडे सरकतो.

हवा आणि निर्वात यांत काही फरक पडतो का?

हवेचा अपवर्तनांक १.०००३, त्यामुळे काचेच्या भिंगाचं नाभीय अंतर निर्वातात सुमारे ०.०८ टक्क्यांनी कमी होतं. चष्म्याला हे शून्यच. पण १ मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ते ०.८ मिलिमीटर होतं, आणि छिद्रांक (नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास) ५ असताना फोकस सहन करतो जेमतेम ०.०३ मिलिमीटर. अवकाशात जाणारा भिंगांचा कॅमेरा जमिनीवर जुळवताना हा फरक आधीच धरून ठेवावा लागतो.

आरशाचं नाभीय अंतरही पाण्यात बदलतं का?

नाही. परावर्तनाच्या नियमात अपवर्तनांक येतच नाही, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला अंतर्वक्र आरसा पूर्ण बुडवला तरी नाभीय अंतर तेच राहतं. पण आरसा आडवा ठेवून त्यात थोडंसं पाणी ओतलं आणि हवेतून खाली बघितलं, तर प्रकाश पाण्याच्या सपाट पृष्ठभागावर जाता-येता वळतो आणि २० सेंमीचा आरसा १५ सेंमीचा होतो. त्याच आरशात पाण्याऐवजी दुसरा पारदर्शक द्रव ओता. हवेतलं नाभीय अंतर भागिले नवं अंतर, हा त्या द्रवाचा अपवर्तनांक. थर मात्र पातळ ठेवा, नाहीतर खोलीची वेगळी दुरुस्ती करावी लागेल.